कौल आणि कृती : हिरडस मावळाच्या संदर्भात संकटकालीन ईश्वरनिष्ठेचा विचार

प्रास्ताविक

पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे हा सह्याद्रीच्या कुशीतला प्रदेश शिवकालीन इतिहासात मावळ म्हणून ओळखला जातो. भोरहून महाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर हिर्डोशी हे गाव लागते. हिर्डोशी आणि हिरडस या दोन नावांतील जवळीक सहज लक्षात येण्यासारखी आहे. नीरा-देवघर धरणाच्या जलाशयाने या खोऱ्याचे रूप आता पालटले असले तरी बांदल देशमुखांचे हिरडस मावळ, जेध्यांचे रोहिडखोरे, रोहिड्याचा किल्ला, रायरेश्वराचे पठार आणि घाटाखालची शिवथरघळ ही सर्व स्थळे परस्परांपासून फार दूर नाहीत. मराठी मनाने ईश्वरी इच्छा आणि मानवी पराक्रम यांचा जो संबंध जोडला आहे, त्याची अनेक महत्त्वाची प्रतीके या एवढ्याशा परिसरात एकवटलेली आहेत.

संकटाच्या वेळी ईश्वराच्या मार्गदर्शनावर विश्वास ठेवावा आणि त्याच्या आज्ञेप्रमाणे वागावे, ही शिकवण सर्व धर्मपरंपरांत आढळते. परंतु विश्वास ठेवणे म्हणजे नेमके काय करणे, हा प्रश्न त्यातून सुटत नाही. विश्वासामुळे विचार थांबतो की विचाराला बळ मिळते? देवाची आज्ञा झाली असे मानणारा माणूस आपल्या निर्णयाची जबाबदारी देवावर टाकतो की ती अधिकच घट्टपणे स्वतःकडे घेतो? प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार इ.स. १६५९ व १६६० मधील दोन प्रसंगांच्या आधारे करावयाचा आहे. अफजलखानाची स्वारी हा पहिला प्रसंग आणि घोडखिंडीतील झुंज हा दुसरा. या प्रसंगांचे ऐतिहासिक सत्य ठरविणे हा लेखाचा हेतू नाही. ते ज्या लेखनातून सांगितले गेले, त्या लेखनात दैवी मार्गदर्शनाला कोणते स्थान दिले आहे, हे तपासणे एवढाच मर्यादित हेतू येथे आहे.

'कौल' या शब्दाचे दोन अर्थ

घाटमाथ्यावर आणि कोकणात आजही अनेक गावांत देवाला कौल लावण्याची प्रथा आहे. मूर्तीला फुले किंवा तांदळाचे दाणे लावून प्रश्न विचारला जातो आणि कोणत्या बाजूचे फूल आधी पडते, यावरून देवाचे उत्तर समजून घेतले जाते. उजवा कौल म्हणजे होकार, डावा कौल म्हणजे नकार, अशी सर्वसाधारण समजूत आहे. लग्नकार्य, पेरणी, आजारपण, गावातील तंटा अशा कितीतरी प्रसंगी ग्रामीण माणूस या उत्तराची वाट पाहत आला आहे.

याच शब्दाचा दुसरा अर्थ राज्यव्यवहारातला आहे. 'कौल' हा मूळचा अरबी शब्द असून वचन, शब्द, अभिवचन असा त्याचा अर्थ होतो. शिवकालीन कागदपत्रांत राज्यकर्ता रयतेला किंवा वतनदाराला जे अभयपत्र देतो त्यास कौल अथवा कौलनामा म्हणतात. उजाड झालेले गाव पुन्हा वसवायचे असेल तर रयत आधी कौल मागते. मग राज्यकर्त्याचा शब्द मिळतो आणि त्या शब्दावर विसंबून माणसे नांगर धरतात.

दोन्ही अर्थांमध्ये एक समान सूत्र आहे. कौल मिळाल्याने काम पूर्ण होत नाही. कौल मिळतो तेव्हा कामाला आरंभ होतो. देवाने उजवा कौल दिला म्हणून शेत आपोआप पेरले जात नाही आणि सरकारचा कौलनामा हाती पडला म्हणून पडीक जमीन पिकत नाही. वचन देणारा आणि वचन पाळून दाखवणारा अशा दोन पक्षांतला तो व्यवहार आहे. पुढील विवेचनात हे सूत्र पुन्हा पुन्हा उपयोगी पडणार आहे.

रोहिरेश्वराची साक्ष

रोहिडखोऱ्याचे देशपांडे दादाजी नरसप्रभू यांना शिवाजी महाराजांनी लिहिलेले म्हणून इ.स. १६४५ चे एक पत्र प्रसिद्ध आहे. त्याच्या अस्सलपणाविषयी अभ्यासकांत तीव्र मतभेद आहेत आणि ते केवळ विश्वासाच्या बळावर पुरावा म्हणून वापरता येणार नाही. तरीही मराठी मनावर या पत्राने जो ठसा उमटवला, तो समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. राज्य व्हावे हे ईश्वराच्या मनात आहे, या आशयाचे त्यातील विधान आज महाराष्ट्रात सर्वांच्या तोंडी आहे.

या लोकप्रिय विधानाच्या मागेपुढे पत्रात काय आहे, याकडे मात्र क्वचितच लक्ष दिले जाते. दादाजींच्या खोऱ्यातील मूळ कुलदेव रोहिरेश्वर याचा निर्देश त्यात आहे. आजवर त्याने यश दिले व पुढेही तोच मनोरथ पूर्ण करील, असा दिलासा आहे. हे पत्र अशा वेळचे म्हणून लिहिलेले आहे की, ज्याला ते पाठवले आहे त्याच्यावर विजापूर दरबाराचा रोष ओढवला आहे आणि त्याचे वडीलधारे घाबरलेले आहेत. येथे देवाचे नाव निर्भय माणसाला सांगितलेले नाही, ते भ्यालेल्या कुटुंबाला धीर देण्यासाठी उच्चारलेले आहे. शिवाय तो देव दूरचा, सर्वव्यापी आणि अमूर्त नाही. तो त्यांच्याच डोंगरमाथ्यावरचा आहे. ज्याच्यापुढे पिढ्यान्‌पिढ्या नवस बोलले गेले, ज्याच्या साक्षीने आणाभाका झाल्या, त्याच देवाला साक्षीदार म्हणून उभे केले आहे.

पत्र अस्सल असो वा उत्तरकालीन, ज्याने ते लिहिले त्याला मावळी मनाची रीत नेमकी ठाऊक होती. या मनाला ईश्वरी इच्छा तत्त्वज्ञानाच्या भाषेत पटत नाही, शेजारच्या देवाच्या साक्षीने पटते.

सभासदाच्या बखरीतील दृष्टांत

कृष्णाजी अनंत सभासद याने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथे लिहिलेली बखर सतराव्या शतकाच्या अखेरची आहे. अफजलखानाच्या स्वारीच्या वर्णनात भवानीच्या दृष्टांताचा प्रसंग येतो. कीर्तनांतून, शाळेतील नाटुकल्यांतून आणि चित्रांतून हा प्रसंग ज्या रूपात परिचित आहे, त्यात देवी प्रकट होते, तलवार देते आणि राजा निर्भय होऊन निघतो. बखरीतील मांडणी याहून निराळी आहे आणि ती काळजीपूर्वक वाचण्यासारखी आहे.

बखरीत खान तुळजापूरच्या देवीला उपद्रव देऊन पुढे येतो. म्हणजे जी देवी पुढे आश्वासन देणार, तिच्याच स्थानावर घाला पडलेला आहे. ती बातमी आल्यावर राजांचा सहकाऱ्यांशी विचारविनिमय होतो. लढाई करू नये, सल्ला करावा, असे बहुतेकांचे मत पडते. राजांचे मत वेगळे आहे. वडीलबंधू संभाजीराजे यांचा घात कसा झाला हे ते विसरलेले नाहीत. सल्ला केला तरी खान जिवंत सोडणार नाही, तेव्हा झुंज द्यावी, या निर्णयाप्रत ते आलेले आहेत. त्यानंतर रात्री दृष्टांत होतो. देवी प्रसन्न असल्याचे, साह्य करणार असल्याचे आणि यश देणार असल्याचे सांगते.

हा क्रम महत्त्वाचा आहे. दृष्टांतातून निर्णय निघत नाही. निर्णय आधी झालेला आहे आणि दृष्टांताने त्याला आधार मिळतो. ज्याने काहीच ठरवलेले नाही अशा माणसाला देवी दिशा दाखवत नाही. चर्चेतून एकाकी पडलेल्या माणसाला ती एकाकी राहू देत नाही, असे या कथनाचे स्वरूप आहे.

याहून महत्त्वाचा भाग दृष्टांतानंतरचा आहे. जागे झाल्यावर राजे मातोश्रींना आणि जवळच्या कारभाऱ्यांना स्वप्न सांगतात. यश मिळणार हे देवीने सांगितले आहे. तर्काने पाहता आता चिंतेचे कारण उरू नये. परंतु सभासद यानंतर जे सांगतो ते या अपेक्षेला छेद देणारे आहे. स्वतःचे प्राण गेले तर राज्य कसे सांभाळावे, लहानग्या संभाजीराजांना पुढे करून सर्वांनी कसे वागावे, याची निरवानिरव राजे करतात. मातोश्रींचा आशीर्वाद घेतात. जावळीच्या रानात फौजा पेरल्या जातात, गडावरून तोफेची खूण ठरते, अंगात चिलखत चढते.

यशाचे वचन मिळालेला माणूस मरणाची व्यवस्था लावतो, ही विसंगती आहे काय? वरवर पाहता तसे वाटेल. देवीच्या शब्दावर पूर्ण विश्वास असता तर चिलखताची गरज काय, असे एखादा विचारील. सभासदाला मात्र यात कोणतीही विसंगती जाणवत नाही, आणि बखरीच्या भावविश्वाचे मर्म येथेच आहे. त्याच्या दृष्टीने विश्वास म्हणजे निकालाची खात्री नव्हे. विश्वास म्हणजे निकाल कोणताही लागो, आपण योग्य बाजूला उभे आहोत, ही स्थिरता. ही स्थिरता ज्याला लाभली आहे तोच स्वतःच्या मृत्यूविषयी न डगमगता बोलू शकतो. भयाने ग्रासलेला माणूस मरणाची तरतूद करीत नाही, तो मरणाचा विचारच टाळतो.

शिवभारतातील देवीदर्शन

कवींद्र परमानंद याचे 'शिवभारत' हे संस्कृत काव्य सभासद बखरीच्या आधीचे. त्याचे एकतीस अध्याय व बत्तिसाव्याचा काही भाग एवढाच आज उपलब्ध आहे. स. म. दिवेकर यांनी इ.स. १९२७ मध्ये ते मराठी भाषांतरासह प्रसिद्ध केले. परमानंदाने हे काव्य पुराणाच्या घाटात रचले. त्यामुळे येथे देवी स्वप्नात नव्हे, साक्षात समोर येते. खान हा दैत्याचा अवतार, त्याचा अंत शिवरायांच्या हातून होणे विधिलिखित, आणि देवी स्वतः राजाच्या खड्गाच्या रूपाने उभी, अशी मांडणी त्यात आहे.

पुराणाच्या घाटामुळे काव्याला भव्यता आली हे खरे, परंतु त्याची किंमतही द्यावी लागली. सर्व काही आधीच ठरलेले असेल तर नायकाच्या निर्णयाचे वजन कमी होते. सभासदाच्या बखरीत जो ताण जाणवतो तो येथे सैल पडतो. तथापि परमानंद हा समकालीन आणि जाणकार कवी असल्याने त्यालाही केवळ दैवी योजनेवर भागवता आले नाही. खान व राजा यांच्यातील निरोपांची देवाणघेवाण, एकमेकांच्या मनाचा अंदाज घेणे, भेटीच्या अटी ठरवणे हा सर्व राजनीतीचा भाग त्याने विस्ताराने दिला आहे. विधिलिखित सांगणाऱ्या कवीलाही नायकाची चतुराई गाळता आली नाही. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. शिवकालीन लेखकांना देवीची कृपा आणि माणसाची हुशारी या दोन स्पर्धक गोष्टी वाटत नव्हत्या. एकीचे श्रेय वाढले की दुसरीचे घटते, हा हिशेब उत्तरकालीन आहे.

दृष्टांत न झालेली माणसे

येथवरचा विचार राजाच्या बाजूने झाला. परंतु भोर परिसरातून या घटनेकडे पाहिले की एक वेगळाच प्रश्न समोर येतो. दृष्टांत राजाला झाला, मावळातील देशमुखांना झाला नाही. त्यांच्यापुढे काय होते?

त्यांच्यापुढे आदिलशाही फर्मान होते. कारीचे कान्होजी नाईक जेधे यांना १६ जून १६५९ रोजीचे फर्मान आले, त्यात अफजलखानास सामील होण्याची आज्ञा होती. न जावे तर पिढीजात वतन जाणार आणि कदाचित प्राणही. उत्रौलीचे खंडोजी खोपडे खानाकडे गेलेच होते. जेधे घराण्याच्या करिन्यात या वेळची हकीकत आली आहे. कान्होजी मुलांसह महाराजांकडे आले, फर्मान दाखवले. वतन जाईल, जिवावर बेतेल, तुम्हीही जावे, अशा अर्थाचे बोलणे महाराजांनी केले. कान्होजींनी शहाजीराजांजवळ केलेल्या शपथेचा हवाला दिला आणि हातावर पाणी घेऊन वतनावर सोडले. त्यानंतर कुटुंबकबिला सुरक्षित स्थळी, तळेगावास हलवण्याचे ठरले आणि कान्होजींनी मावळातील इतर देशमुखांनाही वळवले.

या हकीकतीत कोणतीही देवी प्रकट होत नाही. आकाशवाणी होत नाही, स्वप्न पडत नाही. आहे ते फक्त दिलेल्या शब्दाचे स्मरण. शपथ हे मात्र देवाच्या साक्षीने झालेले कर्म आहे. म्हणून ईश्वराचे मार्गदर्शन येथे नव्या संदेशाच्या रूपाने येत नाही. पूर्वी दिलेल्या वचनाला जागण्याच्या रूपाने ते येते. संकटाच्या घडीला बहुसंख्य माणसांच्या वाट्याला नेमके हेच येते. दृष्टांत विरळा होतो. आधी दिलेला शब्द मात्र प्रत्येकाजवळ असतो आणि तो पाळायचा की नाही हे प्रत्येकाला ठरवावे लागते.

लोकमान्य टिळकांनी इ.स. १९१६ मध्ये प्रकाशात आणलेली जेधे शकावली याच घराण्यातली. तीत तिथीवार नोंदी आहेत, भावनांना थारा नाही. बखरीतील उत्कट कथनाशेजारी शकावलीतील कोरडी नोंद ठेवली असता दोन्हींचे महत्त्व कळते. बखर सांगते की माणसांनी त्या दिवसाचा अर्थ काय लावला. शकावली सांगते की तो दिवस उगवला आणि मावळला.

खंडोजी खोपड्यांच्या बाबतीतही न्यायाने विचार करावयास हवा. त्यांच्या घरातही कुलदैवत होते, देव्हारा होता, नवससायास होते. श्रद्धा नव्हती म्हणून ते खानाकडे गेले, असे म्हणता येणार नाही. प्रचलित राजसत्तेची आज्ञा पाळणे हाच त्यांना शहाणपणाचा मार्ग वाटला असेल. शेवटी ते पकडले गेले. कान्होजींच्या रदबदलीमुळे त्यांचा जीव वाचला, परंतु एक हात व एक पाय तोडण्याची शिक्षा झाली. ज्याने वतनावर पाणी सोडले त्यानेच विरुद्ध बाजूच्या माणसासाठी शब्द टाकला, ही गोष्ट निष्ठेच्या चर्चेत सहसा सांगितली जात नाही. ईश्वरावरील विश्वासाने माणूस कठोर होतो की करुण होतो, याची कसोटी विजयानंतरच लागते. कान्होजी या कसोटीलाही उतरले.

घोडखिंड : निकाल न पाहता पाळलेली आज्ञा

हिरडस मावळाचे बांदल देशमुख आणि त्यांचे कारभारी, शिंद गावचे बाजीप्रभू देशपांडे यांची कथा सर्वश्रुत आहे. जुलै १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यातून महाराज निसटले. विशाळगडाकडे जाताना पाठलाग करणाऱ्या फौजेला घोडखिंडीत थोपवण्याचे काम बाजीप्रभू व बांदलांच्या मावळ्यांनी केले. गडावर पोहोचल्याची खूण म्हणून तोफा उडणार होत्या. तोफांचा आवाज ऐकून बाजीप्रभूंनी प्राण सोडला, असे परंपरा सांगते. या कामगिरीमुळे दरबारातील मानाचे पहिले पान जेध्यांकडून बांदलांकडे गेले, असेही सांगितले जाते.

या प्रसंगाकडे विश्वासाच्या दृष्टीने पाहिले असता त्याची रचना अफजलखान प्रसंगाच्या उलट असल्याचे दिसते. तेथे आश्वासन आधी आहे आणि कृती नंतर. येथे आश्वासन काहीच नाही. आज्ञा आहे आणि खूण शेवटी येणार आहे. मधल्या काही घटकांत खिंडीत उभ्या असलेल्या माणसाला महाराज कोठवर पोहोचले हे कळण्याचे कोणतेही साधन नाही. तोफ वाजेपर्यंत त्याने केवळ उभे राहायचे आहे. ज्याला मराठी भक्तिपरंपरेत निष्ठा म्हणतात तिचे इतके नेमके दृश्यरूप क्वचितच सापडेल.

अरविंद घोष यांना या कथेने आकर्षित केले. त्यांनी बाजीप्रभूंवर इंग्रजीत दीर्घकाव्य लिहिले आणि ते इ.स. १९१० मध्ये 'कर्मयोगिन्' या पत्रात प्रसिद्ध झाले. त्यातील बाजीप्रभू शौर्याचे श्रेय स्वतःकडे घेत नाही. सामर्थ्य हाडामांसाच्या देहात नसून भवानीचे आहे आणि माणूस त्याचा वापर करणारा आहे, अशी त्याची भूमिका आहे. बंगाली भाषक विचारवंताला मावळातील एका देशपांड्याच्या तोंडी ही भूमिका घालावीशी वाटली, यात मोठा अर्थ आहे. मात्र अरविंदांचा बाजी तत्त्वचिंतक आहे. मराठी परंपरेतला बाजी बोलत नाही, तो तोफेची वाट पाहतो. त्याचे हे न बोलणे हाच त्या कथेचा गाभा आहे.

यत्न आणि आज्ञापालन

हिर्डोशीकडून वरंध घाट उतरला की महाड तालुक्यात शिवथरघळ येते. समर्थ रामदासांनी 'दासबोध' येथे रचला अशी परंपरा असून धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी इ.स. १९३० मध्ये या घळीचा शोध लावला. वीस दशके आणि दोनशे समास असलेल्या या ग्रंथात भक्तीइतकेच स्थान यत्नाला आहे. चळवळीत बळ आहे, परंतु तिला भगवंताचा पाया हवा, असा समर्थांचा विचार सर्वपरिचित आहे. आळशी माणसाच्या तोंडी देवाचे नाव समर्थांना रुचत नाही आणि देवाचा आधार नसलेली धडपडही त्यांना पुरेशी वाटत नाही. समर्थ आणि शिवाजी महाराज यांची पहिली भेट इ.स. १६४९ ची की १६७२ ची, हा वाद इतिहासकारांत दीर्घकाळ चालला. तो कसाही सुटला तरी समर्थांचे हे सूत्र या खोऱ्यातील अनुभवाशी जुळते, यात शंका नाही.

या विचाराचे मूळ आणखी मागे जाते. इ.स. १२९० मध्ये नेवासे येथे ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत आणली. गीतेचा आरंभच रणांगणावर, गोंधळलेल्या योद्ध्यासमोर होतो. अठराव्या अध्यायाच्या अखेरीस भगवंत अर्जुनाला सर्व ज्ञान सांगून झाल्यावर यावर पूर्ण विचार कर आणि मग इच्छा असेल तसे कर, अशा अर्थाचे बोलतात. त्यानंतर अर्जुन त्यांचे वचन पाळण्याचे मान्य करतो. आज्ञापालनाच्या आधी मोकळीक दिलेली आहे. ज्याला नकार देण्याची मुभा आहे त्याच्याच होकाराला आज्ञापालन म्हणता येते. महाराजांनी कान्होजींना खानाकडे जाण्याची मोकळीक दिली, तो प्रसंग याच्याशी ताडून पाहण्यासारखा आहे. दोन्ही ठिकाणी मार्गदर्शन करणारा आधी हात सोडतो आणि मगच हात धरला जातो.

एका आक्षेपाचा विचार

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाऊ शकतो. सभासदाने बखर लिहिली तेव्हा अफजलखान प्रसंगाचा निकाल लागून कित्येक वर्षे झाली होती. यश मिळाले म्हणून दृष्टांत आठवला गेला. अपयश आले असते तर तो कोणी लिहिला असता? नरहर कुरुंदकर यांनी रणजित देसाई यांच्या 'श्रीमान योगी' या कादंबरीस प्रस्तावनेदाखल लिहिलेल्या पत्रात शिवाजी महाराजांना अवतार न मानता माणूस म्हणून समजून घेण्याचा आग्रह धरला आहे. दैवी साह्याच्या कथांनी माणसाचे कष्ट झाकले जातात, ही त्यामागील चिंता योग्यच आहे.

हा आक्षेप मान्य करूनही एक गोष्ट शिल्लक राहते. मार्गदर्शन उत्तरकाळात ओळखले जाते, हे श्रद्धेच्या विरोधात जाणारे नाही. तोच श्रद्धेचा स्वभाव आहे. खिंडीत उभ्या असलेल्या माणसाला आपण योजनेचा भाग आहोत की नाही हे कळत नाही, ते मागाहून येणाऱ्यांना कळते. आक्षेप खरा लागू पडतो तो विश्वासाच्या विकृत रूपाला. कौलाचा आधार घेऊन स्वतःचा भेकडपणा, लोभ किंवा आळस लपवणारे लोक कोणत्याही काळात असतात. त्यांच्यासाठी देवाची इच्छा हे निमित्त असते. सभासदाचा शिवाजी आणि करिन्यातील कान्होजी यांनी देवाचे नाव घेऊन काही मिळवले नाही, आधी काहीतरी पणाला लावले. एकाने प्राण, दुसऱ्याने वतन. खरा कौल आणि खोटा कौल यांतील भेद ओळखण्याची याहून सोपी खूण नाही.

आजच्या वाचकाची लढाई तलवारीची नाही. नापिकी, कर्ज, आजारपण, विस्थापन, मुलांचे शिक्षण या त्याच्या लढाया आहेत. धरणाखाली गावठाण गेलेल्या माणसाला देव नव्या जागी न्यावा लागतो आणि नव्या जागी शेतही नव्याने उभे करावे लागते. तेथे देव आधी की घर आधी, हा प्रश्न त्याला पडत नाही. दोन्ही एकाच बैलगाडीत चढतात. तुकोबांनी रोजच्या जगण्यालाच अखंड युद्ध मानले, ते याच अर्थाने.

निष्कर्ष

१) 'कौल' या शब्दात देवाचे उत्तर आणि राज्यकर्त्याचे अभिवचन हे दोन्ही अर्थ नांदतात. दोन्हींत वचनानंतर कृती अपेक्षित आहे.

२) सभासद बखरीत दृष्टांत निर्णयाची जागा घेत नाही. तो निर्णयानंतर येतो आणि त्यानंतरही मृत्यूची तरतूद केली जाते. विश्वास हा निकालाच्या खात्रीहून वेगळा असल्याचे यावरून दिसते.

३) 'शिवभारता'त पुराणाच्या घाटामुळे दैवी योजनेला प्राधान्य मिळाले असले तरी तेथेही मानवी चातुर्य वगळलेले नाही.

४) जेधे व बांदल यांच्या कथांत दृष्टांत नाही. दिलेल्या शब्दाला जागणे हेच तेथे ईश्वरी आज्ञेचे रूप आहे. सामान्य माणसाच्या वाट्याला हेच रूप अधिक येते.

५) खऱ्या विश्वासाची खूण माणूस काय मागतो यात नसून तो काय पणाला लावतो आणि विजयानंतर इतरांशी कसा वागतो, यात आहे.

रायरेश्वराच्या पठारावरून पाहिले असता सभोवारचे डोंगर आणि खाली धरणाचे पाणी दिसते. देव डोंगरमाथ्यावर आहे आणि वाट खालून चढत जाते. देव वर आहे म्हणून ती वाट आहे, पण ती चढायची प्रत्येकाने आपल्याच पायांनी.